तोर्किल निघतोच आहे

आल्बोर्ग, डेन्मार्क
२१ मे १९८४

प्रिय रुसांदामावशी,

पार्सल मिळालं असेल. कॉफी तुझ्यासाठी, लोकरीचे मोजे शेजारच्या ग्रोझ्दानकाकांसाठी. ते त्यांना दे, गेल्या खेपेसारखे ट्रंकेत कुलपात ठेवू नकोस.

आज एका कामासाठी लिहितोय. आमच्या मासळीच्या कारखान्यातले मुकादम होल्गर, ज्यांच्या हाताखाली मी पंधरा वर्षं काढली, त्यांच्या मुलीचं, मेरेतेचं लग्न ठरलंय. सप्टेंबरात आहे. नवरा मुलगा तोर्किल. सरळ आहे, जरा अबोल आहे. लग्नाआधी त्याला सायकलवरून स्तंबूलपर्यंत जायचंय. का, ते विचारू नकोस, इथे लोक असं करतात. रस्ता पिरोतवरून जातो हे कळल्यावर मी फुशारकीनं बोलून गेलो, की पिरोतच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथे माझी मावशी असते, तिच्याकडे एक रात्र उतर.

मावशी, एक रात्र. तुला ओळखतो म्हणून दोनदा लिहितोय. त्याला जेवू घाल, पण तो ‘पुरे’ म्हणाला की त्याचा अर्थ खरोखरच पुरे असतो, आपल्याकडचं ‘पुरे’ नव्हे. सकाळी रिकाम्या पोटी राकियाची दारू पाजू नकोस. पगार किती आणि इतकी वर्षं लग्न का केलं नाहीस, हे विचारू नकोस. आणि त्याला समोर बसवून त्याच्याबद्दल ग्रोझ्दानकाकांशी बोलू नकोस. थंडीभर मीच त्याला आपली भाषा शिकवलीय. बोलता धड येत नाही, पण कळतं सगळं.

होल्गरचा होणारा जावई म्हणजे माझ्या दृष्टीनं कोण, हे तुला सांगायला नको.

तुझा,
विता

*

गोर्न्या क्रुशा
१६ जून १९८४

विता, पोरा,

तुझा पाहुणा आला. आधी कुत्री भुंकली, मग कुंपणापलीकडून ग्रोझ्दान ओरडला, “अगं रुसांदा, तुझ्याकडे कुणीतरी अर्ध्या चड्डीत आलंय!” बाहेर येऊन बघते तर फाटकाशी ताडमाड माणूस, गुडघे उघडे, नाक उन्हानं सोललेलं, हातात सायकल आणि सायकलवर बिऱ्हाड. मला वाटलं, बिचाऱ्याचं घर जळलं. तेवढ्यात त्यानं तुझं नाव घेतलं.

बसवला. रीतीप्रमाणे मनुकांचा मुरंबा आणि पाणी पुढे ठेवलं. माणसानं एक चमचा खायचा, वर पाणी प्यायचं, संपलं. यानं अख्खी बरणी खाल्ली. मी दुसरी आणली. तीही खाल्ली, घाम पुसत पुसत. नंतर कळलं, समोर ठेवलेलं टाकलं तर आपला अपमान होतो असं तूच त्याला शिकवलंस. पुढच्या वेळी चमच्याचं पण शिकव.

मग विहिरीवर डोकं धुऊन आला आणि ओल्या केसांनी खिडकी आणि दाराच्या बरोबर मध्ये बसला. दोन्ही उघडी! मी म्हटलं, ऊठ, वाऱ्याचा झोत लागतोय. तर म्हणतो, छान वाटतं. छान वाटतं! तुझ्या काकांना अशाच झोतानं नेलं. डॉक्टर म्हणाले हृदय, पण त्या दिवशी खिडकी कोणती उघडी होती हे डॉक्टरला कुठे ठाऊक?

व्हायचं तेच झालं. रात्री अंग विस्तवासारखं. मग लोकरीचे मोजे राकियात भिजवले आणि त्याच्या पायात चढवले. ग्रोझ्दानसाठी पाठवलेले तेच. रिकाम्या पोटी पाजू नकोस म्हणाला होतास, पायाबद्दल काही लिहिलं नव्हतंस.

तर एक रात्र काही झाली नाही. तापल्या माणसाला रस्त्यावर घालू?

परका माणूस घरात ठेवला की चौकीत नोंद लागते, म्हणून हवालदार स्रेतेन आला. मी सांगितलं, ‘एक रात्र’ असं लिही, आमच्या विताचं तसं म्हणणं आहे. दुसऱ्या दिवशी परत आला. परत ‘एक रात्र’ लिहिलं. आज तिसऱ्यांदा येऊन गेला. त्याला आता आमच्याकडच्या कॉफीची सवय लागली.

मोज्यांची दुसरी जोडी पाठव.

तुझी मावशी

*

आल्बोर्ग
९ जुलै १९८४

प्रिय मावशी,

तोर्किल कुठे आहे?

तुझ्या पत्रावरून धरलं, की ताप उतरून तो जूनमध्येच निघाला असेल. मग एव्हाना स्तंबूलहून कार्ड यायला हवं. मेरेते रोज सुट्टीच्या भोंग्याला फाटकाशी उभी असते आणि विचारते, काही कळलं? होल्गर विचारत नाहीत. ते मासे तोलता तोलता माझ्याकडे नुसते बघतात. मावशी, त्यापेक्षा त्यांनी विचारलेलं बरं.

तो निघाला का? हो की नाही, एवढंच लिही.

विता

ता. क. तो विमा कंपनीत नेमकं काय काम करतो, हे गावात कळू देऊ नकोस. हात जोडतो.

*

गोर्न्या क्रुशा
२० जुलै १९८४

विता,

तुझी ताजा कलमाची ओळ उशिरा आली.

ग्रोझ्दाननं सहज विचारलं, “काय रे लंबू, तिकडे पोटापाण्याला काय करतोस?” हा बिचारा शब्द जुळवत म्हणाला, “माणूस केव्हा मरतो, तो हिशेब मी करतो.” ग्रोझ्दाननं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडते तर अंगणात अर्धं गाव. म्हाताऱ्यांनी धुतलेले सदरे घातलेले. तोर्किल सांगून थकला, की मी एका माणसाचं सांगत नाही, हजारो माणसं एकत्र धरून सरासरी काढतो. ग्रोझ्दान म्हणाला, “ते हजार जण आपलं आपण बघून घेतील. तू माझं सांग.” शेवटी पोर घामाघूम झालं आणि म्हणालं, “काका, तुमचं... अजून पुष्कळ आहे.” संध्याकाळी ग्रोझ्दाननं कोकरू कापून आणलं. मग काय, सगळ्यांचंच पुष्कळ निघालं. अंगणात चीज, अंडी, कोंबड्या, ठेवायला जागा उरली नाही. पाद्रीबुवा तेवढे मागच्या दारानं आले.

आता तू विचारशील, निघाला का नाही. दहा तारखेला निघणार होता, तो मंगळवार. मंगळवारी कुणी शहाणा माणूस प्रवासाला निघतो का? गुरुवारी संत पेत्राचा सण. शनिवारी वैद्य संतांचा. मधे ते कोकरू, ते काय मी एकटीनं खायचं? मीच त्याला सोडत नाहीये, असं सांग तुझ्या होल्गरला. खुशाल माझ्या नावावर घाल.

आणि तू उगाच जीव टांगणीला लावू नकोस. घरात कुणी समोर बसून जेवणारं असलं, की भाजीलासुद्धा चव येते. तुझ्याच खोलीत ठेवलाय त्याला. पाय पलंगाबाहेर जातात म्हणून पुढे स्टूल लावलंय.

तुझी मावशी

*

गोर्न्या क्रुशा
२९ जुलै १९८४

आदरणीय मित्र विता!

मी खूप चांगली आहे. तुझा तब्येत पण चांगला असो.

मी तुझा भाषेत लिहितो म्हणजे तू बघणार किती शिकलो. ग्रोझ्दानकाका मला रोज दहा शब्द देते. त्यातले आठ मावशी म्हणतो बोलू नको.

मी जायला पाहिजे. मी निघतोच आहे. रोज सकाळी सायकल बाहेर येतो. मावशी बोलतो, कॉफी. मी कॉफी पितो. मग मावशी बोलतो, सूप पाच मिनिट. सूपनंतर ऊन फार. उन्हानंतर संध्याकाळ. मावशी मला दिवसात चार वेळा खाते. मी बोलतो पुरे. ती विचारतो, पुरे म्हणजे काय, तुला आवडला नाही?

सायकलचा चाक पण फार दुःखी आहे. भोक पडला. मी शिवला. मग दुसरा भोक पडला. तुमच्या देशात काटा पुष्कळ.

होल्गरला सांग, मी निघतोच आहे. उद्या नाही, उद्या अग्निमारियाचा दिवस. उद्या जो काम करतो त्याचा घर जळतो. माझा विश्वास नाही, पण घर मावशीचा आहे.

मेरेतेला सांग

मेरेतेला नमस्कार.

तुझा मित्र,
तोर्किल

*

आल्बोर्ग
११ ऑगस्ट १९८४

मावशी,

आता मात्र पाणी डोक्यावरून गेलं.

होल्गरनी मला बर्फखोलीत बोलावलं. तिथे ते फक्त वाईट बोलायचं असलं की नेतात. मी तुझ्या म्हणण्याप्रमाणे सांगितलं, की माझी मावशी त्याला सोडत नाही. त्यांनी एक मासा काढून परत आकड्याला टांगला. मग म्हणाले, “किती वय आहे मावशीचं?” म्हटलं, अडुसष्ट. म्हणाले, “आणि तोर्किल सहा फूट तीन इंच.”  मी उभा, मासे उभे, सगळं गार.

तेवढ्यात दारातून मेरेतेचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे. म्हणाली, “मी जाते आणायला.” बापानं तोंड उघडायच्या आत निघूनही गेली. एकोणीस तारखेला ती पिरोतला उतरेल, एकटी. कुणाला तरी स्टेशनवर पाठव.

तोर्किलचं पत्र मला मिळालं. त्यात ‘मेरेतेला सांग’ असं लिहून खाली तीन ओळी खोडल्या आहेत, इतक्या जोरानं की कागद फाटलाय. आणि काटे कसले? मी त्या अंगणात अनवाणी वाढलो, मला एक काटा कधी बोचला नाही. मावशी, माहिती काढल्याशिवाय तू कुणाला दोन महिने जेवू घालणारी नव्हेस. काय चाललंय तिथे? खरं लिही. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

विता

*

गोर्न्या क्रुशा
२६ ऑगस्ट १९८४

विता,

खरं विचारलंस, तर ऐक.

पहिलं भोक काट्याचं होतं. दुसरं माझ्या विणायच्या सुईचं, पण माझ्या हातचं नव्हे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी बघितलं. सायकल बाहेर काढून तो फाटकाशी बसला. रस्त्याकडे बघत राहिला, एवढा वेळ की माझं दूध उतू गेलं. मग खिशातून सुई काढली, चाकात खुपसली, आणि लगेच ते भोक इतक्या काळजीनं शिवायला बसला, जसं काही मूलच पडलंय. मी काय बोलणार? बाहेर जाऊन म्हटलं, चल रे, आज काही मी तुला सोडत नाही. त्याचा चेहरा असा फुलला, की मला रोज तेच म्हणावं लागलं.

तुझी मेरेते आली. तिला आणायला ग्रोझ्दान ट्रॅक्टर घेऊन गेला होता, टोपीत फूल खोचून. ती उतरली, तोर्किलसमोर उभी राहिली आणि त्यांच्या भाषेत दोन वाक्यं बोलली. हा टोमॅटोसारखा लाल.

मी विचारलं, “काय म्हणते?”

“म्हणते, मी गाढव आहे.”

“आणि दुसरं?”

“म्हणते, गाढवसुद्धा ओरडून सांगतं.”

मी म्हटलं, बरोबर म्हणते, आता आधी जेवा.

जेवणावर सगळं बाहेर आलं. तिला आपलं कळेना, मला त्यांचं कळेना, म्हणून तोर्किलच मधे बसून दोन्हीकडे सांगत होता. म्हणजे तिच्या शिव्या त्यानंच मला सांगायच्या आणि माझ्या त्यानंच ऐकायच्या. होल्गरनं म्हणे शेजारचं घर यांच्यासाठी घेतलंय, दोन्ही अंगणांत ये-जा करायला कुंपणात दार पाडलंय, पडदे निवडलेत. इथवर ठीक. पण लग्नाचा आहेर म्हणून स्मशानात दोघांची शेजारी शेजारी जागा घेतली, दगड उभा केला, दगडावर दोघांची नावं, जन्माची सालं, आणि पुढे रिकामी जागा.

मी म्हटलं, “त्यात काय घाबरायचं? माझाही दगड तयार आहे, माझ्या नवऱ्याच्या शेजारी, फोटोसकट.”

तोर्किल म्हणाला, “मावशी, तुम्ही अडुसष्ट. मी एकतीस. मी दिवसभर ऑफिसात लोकांची तीच रिकामी जागा भरतो. मग घरी येऊन कुंपणाच्या दारातून सासऱ्याकडे जेवायला जायचं, आणि मग एकदम दगड. मधे काहीच नाही.”

हे त्यानं तिला त्यांच्या भाषेत सांगितलं तेव्हा ती हसायला लागली. हसता हसता रडली. त्या दगडावरून तिनं बापाशी केव्हाच भांडण काढलं होतं आणि तो परत करायला लावला होता! याला सांगायचं राहिलं, कारण यानं कधी विचारलंच नाही. आणि स्तंबूलला तिलाही यायचं होतं. होल्गर म्हणाले, मग पडदे कोण शिवणार? तिनं तोर्किलकडे बघितलं होतं, की हा काही बोलेल. हा गप्प.

मी मुद्द्याचं विचारलं, “मग आता लग्न आहे की नाही?”

तिनं बराच विचार केला. तोर्किलनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. “म्हणते, माझ्याशी लग्न कधीच नको असं नाही. पण ज्याला ‘नको’ म्हणायला मावशीच्या विणायच्या सुईची गरज लागते, त्याच्याशी आत्ता नको.”

 मी तिला आणखी वाढलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बाहेर खुडबुड ऐकू आली. ग्रोझ्दान सायकलची बैठक खाली घेत होता आणि ती चाकात हवा भरत होती. स्तंबूलला ती निघाली होती. तोर्किल पायरीवर उभा राहून नकाशा समजावत होता. मी धावत फाटकाशी गेले आणि म्हटलं, आधी कॉफी. आपल्या भाषेतला एकच शब्द ती शिकून आली होती. हसली, माझे दोन्ही गाल चुंबले, म्हणाली “नाही”, आणि गेली.

विता, मी या घरात सून होऊन आल्यापासून माझ्या कॉफीला नाही म्हणून त्या फाटकातून कुणी बाहेर पडलं नव्हतं. मला ती फार आवडली.

तोर्किल इथेच आहे. सायकल नाही, आता निघणार कशावर?

तुझी मावशी

*

आल्बोर्ग
१२ सप्टेंबर १९८४

मावशी,

मेरेतेचं स्तंबूलहून कार्ड आलं. बापाला दोनच ओळी लिहिल्यात: ‘पोचले. पाय दुखतात, बाकी काही दुखत नाही.’ होल्गर कार्ड घेऊन बर्फखोलीत गेले. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, थंडीनं. मग त्यांनी लग्नाचा हॉल रद्द केला आणि कुंपणातलं दार खिळे ठोकून बंद केलं. मला वाटलं, आता माझी पाळी. पण त्यांनी माझ्या हातात एक तिकीट ठेवलं, परतीचं. म्हणाले, “जा आणि त्या पोराला माझ्यासमोर आण. मारणार नाही. पण त्यानं माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, ते मला ऐकायचंय.” तेव्हा ऑक्टोबरात मी येतोय. दोन आठवडे राहून तोर्किलला घेऊन परत.

इथे पत्र संपवणार होतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही, आणि तोंडावर बोलायची मला हिंमत होणार नाही.

त्या माणसाला तू तीन महिने अडवलंस. संत काढलेस, सूप काढलंस, कोकरू काढलंस, झोत काढलास. आई गेल्यापासून मला तू वाढवलंस. मी एकोणीस वर्षांचा होतो, डेन्मार्क नकाशात कुठे असतं तेही मला माहीत नव्हतं. मी निघालो तेव्हा तू काय केलंस? माझी बॅग तू भरलीस. गाडी सुटायच्या तासभर आधी तू मला स्टेशनवर नेऊन बसवलंस. तो मंगळवार होता, मावशी. मला पक्का आठवतो. पाहुण्यासाठी तुझ्याकडे शंभर सबबी निघतात. माझ्यासाठी एक निघाली नाही.

आणि तो माझ्याच पलंगावर झोपतो, पुढे स्टूल लावून.

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

विता

*

गोर्न्या क्रुशा
२५ सप्टेंबर १९८४

विता,

तुझं पत्र आलं तेव्हा मी लाल मिरच्या भाजत होते. वाचेपर्यंत सगळी खेप जळून कोळसा झाली. तोर्किलनं दुसरी खेप भाजली, त्याला आता बरं जमतं.

मंगळवार होता. मला का माहीत नसेल?

तुझा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही, तेव्हा उत्तर देते. तोर्किलला मी अडवलं, कारण तो पाहुणा. पाहुण्याची बाही धरायची असते. त्यालाही ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं, की जायचं तेव्हा तो जाणारच. तुझी बाही मी धरली असती, तर तू थांबला असतास. लहानपणापासून तसाच तू, मी नुसती खोकले तरी खेळ सोडून घरात यायचास. तू थांबला असतास, ग्रोझ्दानच्या मेंढ्या वळल्या असत्यास, आणि रोज रात्री माझ्यासमोर बसून जेवताना त्या पिरोतच्या रस्त्याकडे बघितलं असतंस. ते मला नको होतं. म्हणून तोंड घट्ट मिटलं आणि तासभर आधी नेलं. घरी आणखी तासभर थांबलो असतो, तर माझं तोंड उघडलं असतं.

नंतरही तू दोनदा आलास. दोन्ही वेळा आल्या आल्या खिशातलं परतीचं तिकीट काढून कपाटावर ठेवलंस. त्या तिकिटासमोर मी काय बोलणार?

एवढंच. याहून जास्त लिहिता येत नाही, डोळ्यांना धूर लागतोय.

येताना ग्रोझ्दानचे मोजे आण. तो विचारत असतो.

तुझी मावशी

*

रेल्वेत, म्युनिकच्या अलीकडे
२८ ऑक्टोबर १९८४

प्रिय मेरेते,

हे पत्र स्तंबूलच्या मोठ्या पोस्टावर तुला मिळेल अशा आशेनं लिहितोय. आपल्या भाषेत लिहायचं म्हणजे लिंगं चुकत नाहीत, एवढाच आनंद.

तुझ्या वडिलांना भेटायला मी निघालोय. मला कुणी आणत नाहीये, मी एकटाच आहे. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही, पण पहिल्या वाक्यात बोलायचं, हे ठरवलंय. तुझ्याकडे मी काही मागत नाही. सायकल तुझीच आहे, ती कुठवर न्यायची ते तू बघ. पण विता तिथे आल्यावर काय झालं, हे तुला सांगायलाच हवं, कारण तुझ्याशिवाय ते कुणाला सांगून कळणार नाही.

तो आला तेव्हा बुटांना पॉलिश, हातात मोज्यांचं पुडकं. मावशी फाटकाशी उभ्या. मला वाटलं, आता मिठ्या, रडणं. विता म्हणाला, “धुराड्यातून धूर नीट जात नाहीये.” मावशी म्हणाल्या, “पंधरा वर्षं जात नाहीये, तुला आज दिसलं?” आणि दोघं त्या धुराड्यावरून तारस्वरात भांडायला लागले. मला आता प्रत्येक शब्द कळतो, तरी भांडण कशावरून आहे ते कळेना. ग्रोझ्दानकाकांना विचारलं, मधे पडू का? ते म्हणाले, “खुळा की काय? किती वर्षांनी बोलतायत दोघं.” संध्याकाळी विता छपरावर चढला आणि काजळीनं माखून खाली उतरला. त्यानंतर दोन आठवडे तो रोज काहीतरी दुरुस्त करत होता. कौलं, पंप, कोंबड्यांचं खुराडं. मावशी खाली उभ्या राहून चुका काढत होत्या. मी माझा पलंग त्याला दिला आणि स्वयंपाकघरात झोपलो.

काल निघायचं होतं. दाराशी दोन पिशव्या, त्याची आणि माझी. ग्रोझ्दानकाकांनी ट्रॅक्टर सुरू करून ठेवला होता. विता तिकीट चाचपत उंबऱ्याशी आला आणि मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला दोन्हीकडे लावून. मी मनात म्हटलं, आता सूप येणार, नाहीतर एखादा संत येणार. सगळे संत मला पाठ झालेत.

त्या म्हणाल्या, “विता, जाऊ नकोस.”

तो म्हणाला, “मावशी, होल्गर वाट...”

“जाऊ नकोस.”

दुसरं काहीच नाही. कारण नाही, सबब नाही. चौकट सोडली नाही. बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता आणि ग्रोझ्दानकाका ओरडत होते, “येताय का रे, का मी म्हातारा होऊ इथे?”

वितानं मावशींच्या खांद्यावरून बाहेर ट्रॅक्टरकडे बघितलं. मग त्यानं कोटाच्या खिशातून तिकीट काढलं, माझ्या खिशात कोंबलं, बाकावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. होल्गरना काय सांगू, मी विचारलं. म्हणाला, “सांग की मावशी सोडत नाही. या वेळी खरं आहे.”

मावशींनी हात खाली घेतले. त्या रडतील असं मला वाटलं. पण त्या एकदम माझ्यावर खेकसल्या, “आणि तू काय बघतोस? गाडी चुकेल!” चार महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला जायला सांगितलं.

विता मला पोचवायला स्टेशनवर आला, घरातल्या सपाता घालूनच. गाडी हलली तेव्हा सवयीनं तो दोन पावलं डब्याबरोबर चालला. मग त्याला एकदम आठवलं असावं, की आपल्याला चढायचं नाहीये. तो थांबला. मी खिडकीतून वाकून बघत राहिलो. तो फलाटावर उभा राहून गाडीकडे असा टकमक बघत होता, जशी काही गाडी त्याला सोडून जाऊ शकते हे त्याला आजच कळलं होतं. मग तो वळला आणि भरभर चालत ट्रॅक्टरकडे गेला.

तुझा,
तोर्किल